गावाकडची डिटेक्टिव्ह बाई कशी लिहायची: विदर्भातल्या नव्या लिहिणाऱ्यांसाठी

ज्यांना रहस्यकथा लिहायची आहे, त्यात तपास करणारी बाई पाहिजे आणि कथा मुंबई-पुण्यात न घडता आर्णी, हिंगणघाट, दर्यापूर असल्या कुठल्यातरी तालुक्यातल्या खेड्यात घडली पाहिजे, त्यांच्यासाठी हे लिहून राहिले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, अशा कथा लिहिते आणि आमच्याकडच्या लिहित्या पोरींच्या, दोन-चार पोट्ट्यांच्याही, कथा वाचून देते. वाचताना दिसतं असं की बाई तर कथेत आणली जाते पण ती रात्री बुलेटवर बसून निघते, ठाणेदाराला चार शब्द सुनावते, कमरेला पिस्तूल, आणि घरी तिला "कुठी चालली वं?" म्हणून विचारणारं एक माणूस नाही. बाप्पा, असं गाव मला पण दाखवा, मी तिथं राहायला जाते.

माझं म्हणणं सोपं आहे. गावातल्या बाईवर जे पहारे असतात, सासूचा, वेळेचा, जातीचा, लोकांच्या नजरेचा, ते काढून टाकू नका, त्यांच्यातूनच प्लॉट तयार करा. स्त्रीवाद कथेत तिथंच येतो. भाषण लिहायची गरज पडत नाही.

1. आधी सामान जमवा

लिहायला बसण्याआधी एवढं जवळ असू द्या:

- दोनशे पानी वही. मोबाईलमध्ये नोट्स ठेवल्या तरी चालतात, पण गावात मोबाईल चार जण हाताळतात हे लक्षात ठेवा.
- गावाचं शेतीचं कॅलेंडर. पेरणी, निंदण, फवारणी, वेचणी, हरभरा-गव्हाचं ओलीत, कोणत्या महिन्यात काय आणि ते काम बाया करतात की माणसं.
- ओळखीच्या एखाद्या वावराचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि एखादा फेरफार (मालकी बदलल्याची नोंद). सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो.
- दोन-तीन एफआयआर वाचून ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीच्या एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकाव्या लागतात. पोलिसांची मराठी कशी असते ते कळतं, आणि ती मराठी एकदा कानात बसली की ठाण्यातले संवाद खोटे वाटत नाहीत.
- भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, मराठी प्रत. जिल्ह्याच्या ठिकाणी कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात मिळते.
- बोलकी माणसं: एखादी आशाताई, एखादा रिटायर जमादार, पीएमच्या (पोस्टमॉर्टेमच्या) खोलीवर काम केलेला कोणी. चहा पाजा, ऐका, नावं लिहू नका.

2. थोडं वाचा, पण काय शोधायचं ते ठरवून वाचा

सगळं वाचायला गेलात तर लिहिणं होणार नाही. मी फक्त कामाचं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे बाई डिटेक्टिव्ह ही कालपरवाची फॅशन नाही. 1864 साली इंग्लंडमध्ये दोन पुस्तकं आली ज्यांत गुप्तहेर बाई होती. लंडनच्या पोलिसांत बाया गस्तीला आल्या 1919 मध्ये. म्हणजे नोकरी मिळायच्या पन्नासेक वर्षं आधी गोष्टीत बाईला नोकरी मिळाली होती. त्यातली एक, मिसेस पास्कल, नवरा मेला आणि पैसे उरले नाहीत म्हणून या कामात आलेली विधवा. एका प्रसंगात चोरदारातून खाली उतरायचं असतं तर ती अंगावरचा फुगीर घेराचा सांगाडा, त्या काळात बाया झग्याखाली घालायच्या तो, काढून ठेवते आणि उतरते. दीडशे वर्षं जुनी ओळ आहे पण लिहिणाऱ्यानं विचार केला होता की या कपड्यांत ही बाई शिडी उतरेल कशी. तुमची बाई विहिरीच्या पायऱ्या उतरणार असेल तर तिच्या लुगड्याचं, पदराचं, पायातल्या चपलेचं काय ते तुम्ही पण ठरवा.

अमेरिकेत तर खरीच बाई होती. केट वॉर्न, पिंकर्टनच्या खाजगी हेरांच्या एजन्सीत 1856 मध्ये लागली, तीही विधवा. बाया जिथं जाऊन गप्पा काढू शकतात तिथं पुरुष हेर पोचू शकत नाही, हा तिचा मुद्दा होता असं सांगतात.

मग मिस मार्पल. अगाथा ख्रिस्तीनं तिला 1927 मध्ये एका लघुकथेत आणलं आणि 1930 मध्ये पहिली कादंबरी आली. म्हातारी, लग्न न झालेली, खेड्यात राहणारी, विणकाम करणारी, आणि सगळ्यांना वाटतं हिला काय समजते. नवख्या लिहिणाऱ्यांना ती सगळ्यात जवळची वाटते, कारण खेडं आहे, चांभारचौकश्या आहेत. पण जपून. मिस मार्पलकडे वेळ आहे, थोडा पैसा आहे, घरात कामाला मुलगी आहे. आपल्याकडे एवढा रिकामा वेळ कोणाकडे असतो ते तुम्हीच आठवून पाहा. तिची चौकस नजर घ्या, तिची फुरसत घेऊ नका.

डोरोथी सेयर्सची 1935 ची एक कादंबरी आहे, बायांच्या कॉलेजात घडते, हॅरिएट व्हेन नावाची लेखिका तिथं तपास करते. त्यात खूनच नाही. निनावी चिठ्ठ्या येतात, नासधूस होते, आणि सगळा राग शिकलेल्या बायांवर असतो. हे मुद्दाम सांगून राहिले कारण दर कथेत मुडदा पाडायलाच पाहिजे असं नाही. गावात एखाद्या पोरीचा फोटो बदलून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि तिची शाळा बंद झाली, हा पुरेसा मोठा गुन्हा आहे.

1972 मध्ये पी. डी. जेम्सनं कॉर्डेलिया ग्रे आणली, बावीस वर्षांची पोरगी, पार्टनरनं आत्महत्या केली म्हणून एजन्सी तिच्या गळ्यात पडते, आणि जो तो तिला सांगतो की हे बाईचं काम नाही. पुस्तकाचं नावच त्यावर आहे. 1982 मध्ये सू ग्राफ्टन आणि सारा पॅरेट्स्की यांच्या खाजगी डिटेक्टिव्ह बाया आल्या, स्वतः कमावणाऱ्या, मार खाणाऱ्या आणि देणाऱ्या. ग्राफ्टनचा किस्सा प्रसिद्ध आहे. घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या भांडणात ती रात्र-रात्र जागून नवऱ्याला मारायचे बेत करायची, शेवटी तो बेत तिनं कादंबरीत घातला, आणि त्यातलं विष होतं कण्हेरीचं. आपल्या अंगणात देवाला वाहायला लावतो तीच. पॅरेट्स्कीनं पुढं 1986 मध्ये गुन्हेकथा लिहिणाऱ्या बायांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला, कारण पुस्तकांच्या परीक्षणांत आणि बक्षिसांत बायांना बाजूला सारलं जात होतं.

कादंबऱ्यांतली बोट्स्वानाची डिटेक्टिव्ह मा रामोत्स्वे तर वऱ्हाडातल्या माणसाला लगेच समजते. तिचा बाप मेल्यावर मागे ठेवलेली गुरं विकून ती एजन्सी उघडते. बापानं पोरीला दिलं आणि पोरीनं त्याचं हे केलं! आपल्याकडे बापाच्या गुरांतलं, वावरातलं पोरीच्या वाट्याला काय येते ते पुढं चौथ्या पायरीत बोलू.

भारतातलं पाहायचं असेल तर बंगालीत प्रभावतीदेवी सरस्वतींनी गेल्या शतकाच्या मध्यालाच कृष्णा नावाची तरुण पोरगी हेर म्हणून उभी केली होती, खास पोरींनी वाचावं म्हणून. आणि सुजाता मेस्सीची परवीन मिस्त्री, 1921 ची मुंबई, वकील बाई. पडद्यातल्या विधवांशी पुरुष वकील समोरासमोर बोलू शकत नाही, ही बोलू शकते, सगळा तपास त्या एका गोष्टीवर उभा आहे. हे पात्र ज्यांच्यावरून सुचलं त्यातल्या एक, कॉर्नेलिया सोराबजी, आपल्या नाशिकला जन्मलेल्या.

वाचताना प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारा: ही बाई कोणत्या दारातून आत गेली, जिथून पुरुष जाऊ शकला नसता? उत्तर वहीत लिहा. पुढची पायरी त्याच्यावरच आहे.

3. तुमची बाई कोण ते ठरवा

इथं घाई करू नका. अर्धी कथा इथंच ठरते. गावात दुसऱ्याच्या घरात शिरायला कारण लागतं. विनाकारण शिरणाऱ्या बाईला लगेच नाव पडतं.

आशाताई. 2005 नंतर आरोग्य अभियानात साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमायची ठरलं, ती त्याच गावची रहिवासी असावी लागते. म्हणजे बहुतेक वेळा गावची सून. कोणाला दिवस गेले, कोणाचं पडलं, कोणाच्या अंगावर वळ आहेत, सगळं तिला माहीत. पण तिला मिळालेली माहिती ही विश्वासानं दिलेली असते, ती फोडली तर उद्या कोणी दार उघडणार नाही. खूनी सापडेल पण त्यासाठी एका पोरीची लपवलेली गोष्ट उघडी करावी लागेल, मग आशाताई काय करेल? दहा पाठलागांपेक्षा हा पेच भारी आहे.

महिला पोलीस पाटील. पोलीस पाटील हे पद 1967 च्या कायद्यातलं आहे आणि आता बऱ्याच गावांत बाया आहेत. तिच्याकडे थोडासा सरकारी अधिकार आहे, ठाण्याला खबर देणं तिचं काम आहे, पण गावात तिच्याकडे कोणी खबर घेऊन येत नाही, तिच्या नवऱ्याकडे येतात. सरपंच बाईचं तर बोलूच नका. ग्रामपंचायतीत अर्ध्या जागा बायांना आहेत आणि सह्या करणारे "सरपंच पती" पण आहेत. सही कोणाची आणि अक्षर कोणाचं, यावरच एक पूर्ण कथा होते. कोणीतरी लिहा, मी वाचीन.

बचत गटाची सीआरपी ताई (गावातले गट सांभाळणारी), अंगणवाडी सेविका, शिलाई मशीनवाली, दुधाच्या सेंटरवर माप घेणारी, भांडे घासायला चार घरी जाणारी. ही शेवटची मला सगळ्यात आवडते. महाराष्ट्रातल्या नामांकित खाजगी डिटेक्टिव्ह रजनी पंडित यांनीच मुलाखतींत सांगितलेलं आहे की एका खुनाच्या प्रकरणात त्या स्वतः संबंधित घरी कामवाली बनून राहिल्या होत्या. कामवालीकडे कोणी पाहत नाही, पण तिला सगळं दिसते.

आता सापळा. जात विसरू नका. आशाताई एका वस्तीतली असेल तर दुसऱ्या वस्तीतल्या घरात ती ओसरीपर्यंत जाते की चुलीपर्यंत? पाणी कोणत्या भांड्यात मिळते? मालकाच्या घरचं धान्य निवडणारी बाई मागच्या दारानं सांदवाडीतून येते, तिला जे दिसते ते समोरून येणाऱ्या मास्तरणीला दिसणार नाही. हे टाळून लिहिलेली कथा गुळगुळीत होते, आणि वाचणाऱ्या बायांना ते पहिल्या पानावर कळते.

बाई ठरली की तिला एक दिवस जगवा. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत तासा-तासाचं टाइमटेबल काढा. पाणी कधी, डबा कधी, वावर कधी, सासऱ्याचं औषध कधी. तपासाला दिवसातून मिळून-मिळून किती वेळ उरतो ते दिसेल, पाऊण तास उरला तर लय झाला. आता तपास त्या पाऊण तासात बसवा, नाहीतर कामातच बसवा. निंदणाच्या ओळीत पंधरा बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलत असतात, तिथं चौकशी करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, फक्त कोणाच्या बाजूची ओळ धरायची ते ठरवावं लागतं.

4. गुन्हा कुठून येतो

मी वाचते त्या कथांत खुनाचं कारण बहुतेक वेळा "अनैतिक संबंध" असतं. मला याचा कंटाळा आला आहे, स्पष्टच सांगते. त्यात शेवटी दोष बाईवरच येतो. आपल्या भागात याच्यापेक्षा मजबूत कारणं जमिनीत गाडलेली आहेत.

हक्कसोडपत्र घ्या, म्हणजे वारसानं आपला वाटा सोडल्याचा कागद. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं पोरीला वडिलोपार्जित जमिनीत पोराएवढाच जन्मानं हक्क मिळाला, महाराष्ट्रात तर 1994 मध्येच तशी दुरुस्ती झाली होती, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं साफ सांगितलं की 2005 ला बाप जिवंत होता की नव्हता यानं फरक पडत नाही. कागदावर असं आहे. गावात मात्र बाप गेला की तेरवीला आलेल्या बहिणींना गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेतात आणि सह्या घेतात. बहीण पण देते, कारण माहेर तुटायचं भ्या असते. आता चार बहिणींतली एक सही द्यायला तयार नाही असं समजा. आणि हायवेसाठी जमीन जाणार आहे, मोबदला यायचा आहे. याच्यापुढं तुम्हाला लफडं लागतंच कशाला?

यात एक घड्याळही फुकट मिळते. फेरफाराची नोंद घेतली की संबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात. तुमच्या बाईनं चावडीवर लावलेली नोटीस वाचली, त्यात मेलेल्या बहिणीचं नाव आणि सही दिसली, आणि मुदतीचे चार दिवस उरले आहेत. झाली कथा सुरू.

दुसरं, शेतकरी आत्महत्या. याच्यावर लिहायचं तर हात धुऊन लिहा. कुटुंबाला एक लाखाची सरकारी मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण पात्र ठरावं लागते, कर्ज कोणाचं, सातबारा कोणाच्या नावावर, हे पाहतात. आयुष्यभर वावरात राबलेल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर ती कागदावर शेतकरी ठरत नाही, शेतकऱ्याची बायको ठरते. म्हणून एखाद्या मृत्यूला आत्महत्या म्हणण्यात, किंवा न म्हणण्यात, कोणाचा फायदा आहे हा प्रश्न तुमच्या बाईला पडू शकतो. पण विधवेला पैशासाठी खोटं बोलणारी दाखवून मोकळे होऊ नका. आमच्या जिल्ह्यात त्या घरांतले लोक वाचणारे आहेत.

तिसरं, फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. असा मृत्यू अपघात म्हणून सहज खपतो, आणि म्हणूनच रहस्यकथेला तो कामाचा आहे. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. जिला वाचता येत नाही ती बाई पण रंग ओळखते. कोणतं औषध किती दिल्यावर काय होते असलं मात्र लिहायचं नाही, कथेला त्याची गरजही नसते.

वर्धा जिल्ह्याची दारूबंदी 1970 च्या दशकातली, गडचिरोलीची 1993 पासून, चंद्रपूरची 2015 ला आली आणि 2021 ला उठली. कथा कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या वर्षी घडते त्यावर दारूची बाटली टेबलावर असेल की कडब्याच्या गंजीत, हे ठरते. दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाया आणि त्यांच्यामुळे ज्याचा धंदा बसला तो माणूस, हे पण कारण आहेच.

5. कायदा आणि पोलीस नीट लावा

इथं लोक टीव्हीवर पाहिलेलं लिहितात. थोडक्यात सांगते:

- 1 जुलै 2024 च्या आधीचा खून असेल तर जुन्या दंड संहितेचं कलम 302, नंतरचा असेल तर न्याय संहितेचं 103. हुंडाबळी आधी 304-ब, आता 80. सासरचा छळ आधी 498-अ, आता 85. गावातले लोक अजून तीनशे दोनच म्हणतात, तेव्हा संवादात तसं चालेल, पोलिसाच्या कागदात नाही चालणार.
- संशयास्पद मृत्यूत आधी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो, पीएमला बॉडी ग्रामीण रुग्णालयात जाते. विषाचा संशय असला तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवतात. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येत नाही हो. हा मधला काळ तुमच्या बाईचा आहे, याच काळात गाव आपला निकाल लावून मोकळं होते.
- लग्नाला सात वर्षं झाली नसताना बाई संशयास्पद गेली तर पीएम टाळता येत नाही आणि तहसीलदार किंवा नायब तहसीलदारासमोर पंचनामा होतो. कथेत घरच्यांना घाईघाईनं जाळून टाकायचं असेल तर ते याच कारणानं.
- साक्षीदार बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसते, पोलिसांनी तिच्या घरी यावं असा नियम आहे. चांगला नियम आहे, पण खेड्यात पोलिसांची गाडी दारात थांबली की संध्याकाळपर्यंत काय-काय पसरते ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही लिहा.
- बाईला सूर्यास्तानंतर, सूर्योदयाच्या आधी अटक करता येत नाही, अपवाद सोडून, आणि त्यालाही मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. गुन्हेगार बाई असेल तर ती रात्र कथेत तुमच्या हातात आहे.

आणि एक सोय. पंच बाई असू शकते. बाईच्या बॉडीचा पंचनामा चालू आहे, माणसं मान फिरवून उभी आहेत, आणि अंगणवाडी सेविकेला पंच म्हणून पुढं बोलावलं. ती नीट पाहते. तुमच्या बाईला आत नेणारा यापेक्षा रीतसर रस्ता मला तरी माहीत नाही.

6. पुरावे असे द्या की ते तिलाच वाचता येतील

सिगारेटचं थोटूक आणि चिखलातला बुटाचा ठसा आता पुरे. आपल्या गावात कागद आणि वस्तू भरपूर आहेत.

कापूस वेचणीची मापाची वही. वेचणी किलोवर असते, संध्याकाळी प्रत्येकीचं माप लिहिलं जाते. रोज चाळीस किलो वेचणारी बाई त्या दिवशी बावीसवर थांबली. उरलेला वेळ ती कुठं होती? पोलिसाला ती वही म्हणजे मजुरीचा हिशोब, वेचणाऱ्या बाईला ती हजेरी.

एसटीचं तिकीट. मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे. माणसाच्या शर्टाच्या खिशात महिला सवलतीचं तिकीट निघालं तर त्याच्यासोबत गाडीत कोणीतरी बाई होती, नाहीतर ते तिकीट त्यानं कोणाच्या तरी पिशवीतून काढलं. कपडे धुताना खिसे कोण तपासते? तीच. (2023 च्या आधीची कथा असेल तर हा पुरावा वापरू नका, हसतील लोक.)

बचत गटाची वही, कोणी हप्ता चुकवला आणि कोणी अचानक सगळं फेडलं. लाडक्या बहिणीचे पैसे, 2024 पासून महिन्याचे पंधराशे, "मामाच्या गावाले गेली" असं सांगितलेल्या सुनेच्या खात्यातून कोण काढून राहिलं? ओलिताची रात्रीची लाइन, "मी मोटर चालू कराले गेल्तो" असं नवरा सांगतो, पण त्या आठवड्यात लाइन दिवसाची होती, हे रोज पाणी भरणाऱ्या बाईला पाठ असते.

पुरावा वाचकाला पण दिसला पाहिजे, शेवटी खिशातून काढून दाखवायचा नाही. वही पहिल्या तीन पानांत येऊ द्या, कोणी लक्ष देणार नाही अशी येऊ द्या, चहाचा कप ठेवलेली वगैरे.

7. माणसं

सगळे माणसं राक्षस करू नका आणि सगळ्या बाया देवी करू नका. सुनेवर नजर ठेवणारी सासू एकेकाळी त्याच घरात पाहुणी म्हणून आली होती. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला बहिणीला तयार करते ती बहुतेक आईच. मदत करणारा माणूस असू द्या, पण शेवटच्या पानावर त्यानं येऊन सगळं सोडवलं तर मग बाई कशाला आणली?

8. भाषा

निवेदन तुम्हाला जमेल त्या मराठीत लिहा, संवाद मात्र त्या-त्या माणसाचे. वऱ्हाडी फक्त नोकराच्या आणि विनोदाच्या तोंडी घालायची सवय सोडा. ठाणेदार बाहेरचा असेल तर तो "मला", "तुला" म्हणेल, साक्षीदार म्हातारी "मले का माईत बाप्पा, मी त झोपेल होती" म्हणेल, आणि जबाब लिहिणारा शिपाई ते पुस्तकी मराठीत उतरवेल. उतरवताना काय गळलं, ते तुमच्या बाईच्या कानाला कळू शकते कारण ती तिथं बसली होती. यवतमाळचं, भंडाऱ्याचं आणि गडचिरोलीचं बोलणं एक नाही, झाडीबोली आणि वऱ्हाडीची खिचडी करू नका. गोंडी किंवा कोलामी बोलणारं पात्र असेल तर ती भाषा येणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय एक शब्द छापू नका.

9. शेवट कसा करायचा

सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून "खुनी तुमच्यातच आहे" म्हणायला आपल्याकडे दिवाणखाना नाही. पण ग्रामसभा आहे, तेरवी आहे, बचत गटाची मीटिंग आहे. कोणत्या जागी तिला बोलू दिलं जाते आणि कोणत्या जागी तिचं ऐकलं जाते हे दोन वेगळं, शेवट लिहिताना हे तपासा. तिला खरं कळलं, पुरावा पण आहे, आणि तरी तिच्या नावानं तो ठाण्यात जात नाही, तिच्या नवऱ्याच्या नावानं जातो, असा शेवट एका पोरीनं लिहून आणला होता. वाचणाऱ्या बाया चिडल्या. मला तो बरोबर वाटला. तुम्हाला तिचंच नाव एफआयआरवर पाहिजे असेल तर तेही करा, पण त्याची किंमत तिला दुसऱ्या दिवशी विहिरीवर काय मोजावी लागते तेवढं एक पान लिहा.

10. लिहून झालं की

आधी बायांना मोठ्यानं वाचून दाखवा, गटाच्या मीटिंगनंतर, हप्ते झाल्यावर. छापायला पाठवायचं नंतर. त्या कुठं मध्येच बोलतात ते खूण करून ठेवा. "असं नसते वं, त्या टायमाले पाणी येत नाही" असं कोणी म्हणालं की तिथं तुमचा प्लॉट फाटला आहे, दुरुस्त करा. खुनी कोण हे त्या अर्ध्यातच ओळखतात, त्यानं खचू नका, कशावरून ओळखलं तेवढं विचारा.

खरी घटना घेतली असेल तर गाव, नातं, वर्ष, पीक, सगळं बदला. नुसतं नाव बदलून भागत नाही, दोन हजार वस्तीच्या गावात "तलावाजवळचं घर" म्हटलं की झालं.

दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर पोळ्याची वाट पाहू नका, अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच चालू असते. युनिकोडमध्ये टाइप करा, मोबाईलवर बोलून टाइप केलं असेल तर एकदा कागदावर काढून वाचा, कारण आपलं वऱ्हाडी बोलणं मोबाईल स्वतःच्या मनानं "सुधारतो" आणि म्हातारीच्या तोंडी पुण्याची मराठी येऊन बसते. खाली तुमचं नाव घाला, स्वतःचं. सासरचं लावायचं की माहेरचं हे घरात विचारत बसलात तर दिवाळी निघून जाईल.